रांगितोतो: डोंगर सोपा, बोट कडक

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नव्यानं राहायला आलेल्या माणसाला रांगितोतो आधी दिसतो आणि नाव मागाहून कळतं. मिशन बेच्या वाळूवरून बघा, डेव्हनपोर्टहून बघा, नाहीतर हार्बर ब्रिजवर ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या बघा. समुद्रात परात पालथी घालून तिच्यावर वाटी उपडी ठेवावी, तसा हा ज्वालामुखीच्या बेटाचा काळपट हिरवा डोंगर बसलेला असतो. कुठल्याही बाजूनं जवळजवळ सारखाच. त्यामुळे दिशा ओळखायला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण पहिल्याच आठवड्यात त्याची ओळख मात्र होऊन जाते.

उंची साधारण २६० मीटर. आटकरवाडीहून सिंहगड चढलेल्या माणसाला ही चढण जेमतेम निम्मी वाटेल. पुण्याहून आलेले माझे सासरे खिडकीतून बघून म्हणाले होते, "अगं, एवढ्याशा टेकडीसाठी बोटीचं तिकीट काढायचं?" चढाबद्दल त्यांचं काही चुकलं नव्हतं. आजवर मी आठ-नऊ वेळा पाहुण्यांना घेऊन वर गेले आहे आणि दमून मधूनच परत फिरलेलं एकही माणूस मला आठवत नाही. फजिती झाली ती दर वेळी भलत्याच गोष्टींनी. कधी पाणी संपलं, कधी चपलेचा तळ निघाला, आणि एकदा बोट चुकता चुकता राहिली. म्हणून या लेखात चढाबद्दल थोडं आणि बाकीच्या तयारीबद्दल जास्त लिहिते आहे.

आधी परतीची बोट, मग बाकी सगळं

बेटावर मुक्कामाला परवानगी नाही. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, तंबू लावायची सोय नाही. जायचं ते बोटीनं, यायचं तेही बोटीनंच. बोट सुटते शहराच्या मध्यवर्ती फेरी टर्मिनलवरून, म्हणजे ब्रिटोमार्टसमोर रस्ता ओलांडला की समोरच. प्रवास पंचवीसेक मिनिटांचा. पण दिवसाला फेऱ्या मोजक्याच असतात आणि परतीची शेवटची बोट संध्याकाळी नव्हे, दुपारीच निघते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवारच्या वेगळ्या असतात, म्हणून मैत्रिणीनं गेल्या वर्षी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका. जायच्या दिवसाचं वेळापत्रक स्वतः उघडून बघा.

तिकीट काढताना मी आधी परतीचा रकाना बघते. शेवटच्या बोटीच्या आधी एखादी सोयीची बोट असेल तर तीच आपली समजायची आणि शेवटची अडीअडचणीला राखून ठेवायची. जाताना शक्यतो सकाळची पहिली. मग हिशोब असा बसतो: धक्क्यापासून माथ्यापर्यंत तास, सोबत साठीपुढची मंडळी असतील तर दीड तास. वर डबा खाऊन विवराच्या कडेनं फेरी मारायची तर पाऊण तास. गुहांना जायचं तर आणखी अर्धा-पाऊण तास. उतरायला पाऊण ते एक तास. आणि धक्क्यावर वीस मिनिटं आधी. म्हणजे थोडी सवड धरून साडेचार तास हाताशी हवेतच. बारानंतरच्या बोटीनं जाणाऱ्याला यातलं काहीतरी सोडावं लागतं, आणि बहुतेक वेळा सोडल्या जातात त्या गुहा.

बोट चुकली तर खासगी वॉटर टॅक्सी बोलवावी लागते, तीही स्वतःच्या खर्चानं. ते बिल चार माणसांत वाटलं तरी बोचतं. आमच्यावर ही वेळ येता येता टळली, कारण माझा चुलतदीर. माथ्यावरून खाली येताना त्याला बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या खाडीची, इस्लिंग्टन बेची पाटी दिसली. "तुम्ही व्हा पुढे, मी तिकडून वळसा घालून येतो," म्हणाला. इथल्या पाट्यांवर बऱ्याचदा किलोमीटरऐवजी वेळ लिहिलेला असतो. तो वाचून त्यानं मनातल्या मनात निम्मा केला, कारण सह्याद्रीत तो असाच चालतो. पण पाटीवरचा वेळ काही लहान मुलांचा नसतो. आम्ही धक्क्यावर उभे, बोट लागलेली, रांग आत सरकतेय, दोर धरलेला माणूस आमच्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघतोय. तेवढ्यात काळ्या दगडांमधून एक लालबुंद चेहरा पळत येताना दिसला. पाटीवरचा वेळ खरा माना, एवढंच त्यातून घ्यायचं. आणि इस्लिंग्टन बेची वाट पहिल्या खेपेला नकोच. ती मोठी आहे, तिला अख्खा दिवस द्या.

वारं फार असेल तर बोटी रद्द होतात. सकाळी घरातून निघण्यापूर्वी एकदा फोनवर तपासा.

आदल्या रात्री: पिशवी झटका, बूट घासा

भारतातून आलेल्यांना हा भाग सोवळ्यासारखा वाटतो आणि तसा तो आहेच. बेटावर पूर्वी पोसम आणि वॉलबी या ऑस्ट्रेलियातून आणलेल्या प्राण्यांनी झाडांचं खाणं करून टाकलं होतं. नव्वदच्या दशकात ते हटवले. मग २००९ मध्ये उंदीर, घुशी, स्टोट (मुंगसासारखा शिकारी प्राणी), मांजरं, हेजहॉग, ससे यांच्यामागे मोहीम लागली आणि २०११ मध्ये रांगितोतो आणि त्याला चिकटून असलेलं मोतुतापू ही दोन्ही बेटं उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर तीएके, म्हणजे पाठीवर तांबूस खोगीर असलेला काळा पक्षी, तिथे पुन्हा आणून सोडला. हे पक्षी जमिनीलगत वावरतात. एखाद्याच्या पिशवीतून गेलेली एक गाभण उंदरीण एवढ्या वर्षांच्या कामावर पाणी फिरवू शकते.

तुम्ही म्हणाल, पिशवीत उंदीर कसा जाईल? गराजमध्ये चार महिने पडलेली सॅक उचलून आणा आणि वर्तमानपत्रावर उलटी करा, मग बोलू. आणि उंदीर नसेल, पण मुंग्या? आमच्या एका सहलीला मी रात्रीच शेंगदाणा-गुळाचे लाडू डब्यात भरून ओट्यावर ठेवले होते. सकाळी गडबडीत डबा तसाच सॅकमध्ये गेला. टर्मिनलवर रांगेत उभं असताना पाण्याची बाटली काढायला चेन उघडली, तर डब्याच्या झाकणाभोवती बारीक तपकिरी मुंग्यांची कड शिवल्यासारखी रांग. इथल्या स्वयंपाकघरांत शिरणारी अर्जेंटिनी मुंगी बेटाच्या नको असलेल्यांच्या यादीत वरच्या नंबरावर आहे. अख्खी सॅक तिथेच बाजूला नेऊन रिकामी केली, झटकली, कपडे उलटे करून पाहिले. बारा लाडू टर्मिनलवरच्या कचऱ्याच्या डब्यात गेले. सासूबाईंनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण दिवसभर त्या लाडवांची आठवण कोणी ना कोणी काढत होतं.

तेव्हा करायचं ते असं. सॅक पूर्ण रिकामी करून, शिवणीत बोटं घालून झटका. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पातळ पिशवीत नको. बुटांच्या तळाच्या खाचांमधली माती जुन्या टूथब्रशनं खरवडून काढा. मोज्यांना आणि वेल्क्रोला चिकटलेली गवताची बीं वेचून काढा, ती डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. सॅकच्या चेनी बेटावर उतरेपर्यंत बंद ठेवा. धक्क्याजवळ बूट घासायला ब्रश असतात, तिथे पुन्हा एकदा पाय घासून पुढे जायचं. कुत्रा घरी.

बुटांबद्दल आणखी थोडं. बागेत फिरायचे कॅनव्हास चालतील का, असं सगळे विचारतात. चालतील, पण तळ जाड हवा. चप्पल आणि सँडल नको म्हणजे नकोच. वाट चांगली आहे, पण तिच्यावर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जो दगड आहे तो करवतीच्या पात्यासारखा आहे. माझी मावशी पुण्यातून आणलेल्या कोऱ्या सँडल घालून आली होती. अर्ध्या वाटेत डाव्या पायाचा तळ पुढून उकलला आणि पावलागणिक टाळ्या वाजवायला लागला. शेवटी केसांच्या रबरबँडनं बांधून तिनं डोंगर केला. केला, हे खरं. पण त्या सँडल परत पुण्याला गेल्या नाहीत.

पाणी, ऊन आणि डबा

उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी घ्या. हा आकडा ऐकून लोक हसतात, कारण सह्याद्रीत आपल्याला वाटेत टाकं भेटेल, वाडी भेटेल, ताकवाली भेटेल अशी खात्री असते. इथे ओढाही नाही. पाऊस भरपूर पडतो, पण लाव्हाच्या भेगांमधून तो थेट खाली जातो, वर थांबतच नाही. शिवाय सगळा दगड काळा. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दुपारी तो तव्यासारखा तापतो आणि खालून वाफ मारल्यासारखं वाटतं.

उन्हाबद्दल आपला एक खास अहंकार असतो: "आम्ही नागपूरचे, आम्हाला काय ऊन शिकवताय?" नागपूरचं ऊन भाजतंय हे कळतं. इथे हवा चोवीस अंश, वारा गार, अंगावर शहारा, आणि तरी नाक, मानेची मागची बाजू आणि कानांच्या पाळ्या संध्याकाळी लाल. इथली अतिनील किरणं तीव्र आहेत आणि गारव्यामुळे ती जाणवत नाहीत. सनस्क्रीन घरून निघताना एकदा आणि माथ्यावर पुन्हा. टोपीला हनुवटीखालून दोरी असू द्या, नाहीतर बोटीतच ती समुद्राला अर्पण होते.

याखेरीज विंडचीटर, टॉर्च, नेहमीच्या गोळ्या, दोन-चार बँडेज, आणि बोट लागणाऱ्यांसाठी आलेपाक. डब्यात मी धपाटे आणि दाण्याची चटणी नेते. उन्हात टिकतात आणि हात फारसे खराब होत नाहीत. बेटावर कचराकुंडी नाही, तेव्हा एक मोकळी पिशवी घ्या आणि संत्र्याची सालंसुद्धा परत आणा. "साल तर कुजेल" हे खरं असलं तरी ती साल उंदराची मेजवानीही असते. उघड्यावर जाळ करायला बंदी आहे.

कधी जावं? मला विचाराल तर मार्च-एप्रिल. ऊन नरमलेलं, पावसाळी थंडी अजून लांब. फुलांसाठी जायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर. बेटावर पोहुतुकावा या झाडाचं जगातलं सर्वांत मोठं रान आहे असं मानतात, आणि त्या दिवसांत ते लाल तुऱ्यांनी भरतं. दिवाळी आटोपून येणाऱ्या पाहुण्यांना हा योग साधतो. जुलैत दिवस लहान आणि लाकडी पायऱ्या ओल्या असतात. मी पाहुण्यांना नेत नाही, एकटी गेले आहे.

धक्क्यावरून वर

बोट लागली की सगळे एकदम वाटेला लागतात. त्यांना जाऊ द्या. धक्क्याजवळ स्वच्छतागृह आहे, तिथे जाऊन या, मोठा नकाशा नीट बघा, वाटल्यास फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांत वाट रिकामी होते आणि पक्षी ऐकू यायला लागतात.

माथ्याची वाट पाट्या लावलेली आहे, चुकायला फार कष्ट घ्यावे लागतील. सुरुवातीचा बराच भाग हलका चढ, दोघं-तिघं बोलत बोलत चालतील इतका रुंद. याच टप्प्यात लोक भराभरा पुढे जातात आणि इथेच थांबायला हवं असं माझं मत आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे ढिगारे पसरलेले दिसतात, नांगरून ठेवलेल्या शेतासारखे. कुणी खोदून टाकलेले नाहीत. लाव्हा वाहता वाहता वरून थिजला, खालचा पुढे सरकत राहिला आणि वरचं कवच फुटून त्याचे असे तुकडे झाले. हा बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच कातळ. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्यावर माती झाली, ओढे झाले, गड झाले. हा सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा. दक्षिणेत बहमनी राजवट होती तेव्हा हे बेट समुद्रातून वर येत होतं. राजगडाच्या वाटेवर आपण ज्या दगडाला टेकून घाम पुसतो, तो कोवळा असताना कसा दिसत असेल, ते इथे दिसतं.

माती नाही, मग झाडं कशी? एका जागी उकिडवं बसून बघा. पोहुतुकावाचं बी भेगेत पडतं आणि उघड्या लाव्हावर तेच मूळ धरतं. त्याची सावली पडते, पानं गळतात, ती भेगेत कुजतात, आणि त्या चिमूटभर कुजीवर बाकीची झाडं येतात. म्हणून काळ्या दगडांच्या मैदानात हिरवे गोल गोल पुंजके दिसतात, प्रत्येकाच्या मधोमध एक थोरलं झाड. त्या सावलीत एक नेचा असतो, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांचा, आरपार दिसावा इतका पातळ. कोरड्या दिवसात तो चुरगळलेल्या खाकी कागदासारखा पडलेला असतो, मेलाय असंच वाटतं. पाऊस पडून गेला की तोच नेचा पान उलगडून ओल्या काचेसारखा चमकतो. माझ्या आईनं बाटलीच्या टोपणातलं पाणी त्यावर शिंपडून बघितलं आणि परतताना त्या जागी मुद्दाम थांबली. थोडा उलगडला होता.

पाऊणएक तासानंतर चढ अंगावर येतो. शेवटचा टप्पा खडा आहे आणि त्यात लाकडी पायऱ्या आहेत. वडीलधाऱ्यांना इथे पुढे चालू द्या आणि त्यांच्या चालीनं चला. मागून ढकलणारे तरुण असले की ते ओशाळून न थांबता चढतात आणि मग वर दमतात. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी, चढायला नाही तरी उतरायला लागते.

गुहांचा फाटा

खड्या टप्प्याच्या आधी बाजूला जाणारा लाव्हा गुहांचा फाटा येतो, पाटी आहे. जाऊन-येऊन अर्धा तास धरा, आत रेंगाळलात तर जास्त. माझा क्रम असा: चढताना फाटा सोडायचा, आधी माथा करायचा आणि घड्याळ बघून उतरताना गुहांकडे वळायचं. वेळ कमी असेल तर मन घट्ट करून सोडून द्यायच्या.

"लेणी" ऐकायची सवय असलेल्यांना आधीच सांगून ठेवा की इथे मूर्ती नाहीत आणि छिन्नीचा घाव नाही. वाहत्या लाव्हाची वरची साय थिजली, आतला प्रवाह निथळून पुढे गेला, आणि मागे पोकळ नळी उरली. आत शिरताना बाहेरचा उजेड दहा पावलांत संपतो. हवा गार होते, पायाखाली दगड ओबडधोबड, छत काही ठिकाणी इतकं खाली की ओणवं व्हावं लागतं. तेव्हा एक हात टॉर्चला अडकलेला परवडत नाही, डोक्याला बांधायची टॉर्च सगळ्यात बरी. सासरे सहा फूट उंच. "छत खाली आहे हं, बाबा," असं मी म्हणेपर्यंत टक्क आवाज झाला होता. टोपी होती म्हणून टेंगळावर निभावलं. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी तोंडाशीच थांबावं, त्यात कमीपणा नाही. लहान मुलांना मात्र हीच जागा घरी गेल्यावर आठवते.

माथ्यावर

वर पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "विवर कुठंय?" लोकांच्या मनात धूर आणि लाल उकळता रस असतो. समोर असतो झाडांनी काठोकाठ भरलेला एक मोठा वाडगा, सुमारे साठ मीटर खोल. हिरवा, गप्प. कडेनं फिरणारी वाट पंधरा मिनिटांची आहे, ती जरूर करा. बहुतेक जण फोटो काढून तिथूनच उतरतात, त्यामुळे विवराच्या पलीकडच्या बाजूला शांतता मिळते.

आणि मग चहूकडे बघा. पश्चिमेला स्काय टॉवर आणि पूल, मागे वायताकेरेची रांग. पूर्वेला अगदी खेटून मोतुतापूची गवताळ पिवळट कुरणं. शेजारी असून ते बेट कोट्यवधी वर्षांचं आणि हे सहाशेचं, दोघांचा रंगच वेगळा. त्यापलीकडे वायहेके बेट, आणि हवा स्वच्छ असेल तर ग्रेट बॅरियर बेट आणि कोरोमंडलचे डोंगर. काँक्रीटची जी ठोकळ्यासारखी इमारत दिसते ती दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची, बंदराच्या संरक्षणासाठी इथून समुद्रावर नजर ठेवत.

मोतुतापूवर या डोंगराच्या राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. म्हणजे हा डोंगर जन्मताना माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, शेजारच्या बेटावर होते आणि राख पडल्यावर पुन्हा तिथे चालत होते. "पुन्हा पेटला तर?" असं आईनं वर बसून, धपाट्याचा घास हातात धरून विचारलं होतं. ऑकलंड शहर पन्नासहून अधिक ज्वालामुखींवर वसलेलं आहे. ते बहुधा एकेकदाच पेटतात आणि विझतात, पुढचा उद्रेक नव्या जागी होईल असं शास्त्रज्ञ मानतात. आईचं त्यावर समाधान झालं नाही. "नवी जागा म्हणजे तुमचं घर नव्हे ना?"

नावाची गोष्ट वर बसूनच सांगावी. 'तोतो' म्हणजे रक्त आणि 'रांगी' म्हणजे आकाश किंवा दिवस. लोक म्हणून 'रक्ताळलेलं आकाश' असा अर्थ लावतात आणि ज्वालामुखी बघता तो पटतोही. पण माओरी परंपरेत हे एका लांब नावाचं छोटं रूप आहे: 'ते आरावा' या होडीचा नायक तामातेकापुआ याचं रक्त ज्या दिवशी सांडलं तो दिवस. ताइनुई होडीच्या होतुरोआशी त्याची इथे झुंज झाली होती.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारनं हे अख्खं बेट पंधरा पौंडांना विकत घेतलं. आजच्या पंधरा पौंडांत दोन माणसांचं बोटीनं जाणं-येणंही व्हायचं नाही. ऑकलंडच्या तेरा माओरी गटांबरोबर झालेल्या समझोत्याचा कायदा २०१४ चा, आणि त्यानुसार माथ्याची जागा त्यांच्याकडे परत गेली. त्यांच्या लेखी डोंगराचा माथा पवित्र आहे. म्हणून मी डबा अगदी टोकावर उघडत नाही, थोडं खाली सावलीला बसते. आणि दगड उचलायचा नाही. नर्मदेतून गोटा आणावा तसा एक लहानसा खडा देव्हाऱ्यासाठी न्यावा, असं मावशीच्या फार मनात होतं. "इथला देव इथेच राहू दे," म्हटल्यावर तिला ते लगेच कळलं.

उतरताना आणि उरलेला वेळ

उतरण मात्र चढणीपेक्षा फसवी. लाल-काळ्या स्कोरियाचे, म्हणजे सच्छिद्र लाव्हा दगडाचे, बारीक खडे पायाखाली गोट्यांसारखे सरकतात. पावलं लहान टाका, टाच आधी टेकवा आणि फोटो थांबूनच काढा. कुणाला खरोखरच लागलं तर फोन १११ वर.

वेळ उरला तर धक्क्याच्या आसपास बघण्यासारखं आहे. इथले रस्ते १९२५ ते १९३६ या काळात कैद्यांकडून करवून घेतले, हातानं दगड फोडून आणि रचून. समुद्राच्या पाण्याचा जुना पोहण्याचा हौदही त्यांच्याच हातचा. किनाऱ्यालगत लहान लहान लाकडी घरं दिसतील, त्यांना इथे 'बॅच' म्हणतात. १९२० आणि १९३० च्या दशकांत शहरातल्या साध्या माणसांनी सुट्टीसाठी ती भाड्याच्या जागेवर उभी केली, जे मिळेल ते सामान बोटीतून आणून. १९३७ मध्ये नवं बांधकाम बंद झालं आणि पुढे बरीच पाडलीही गेली. उरलेल्यांपैकी ३८ नंबरचं घर संग्रहालय म्हणून नीट करून ठेवलं आहे. दार उघडं नसलं तरी बाहेरून बघा: काळ्या दगडांची पायवाट, पत्र्याची पाण्याची टाकी, समुद्राकडे तोंड केलेली खिडकी. कोकणातल्या एखाद्या खळ्याशी उभं असल्यासारखं मला तिथे वाटतं, फक्त माडांऐवजी पोहुतुकावा.

बोटीच्या रांगेत वीस मिनिटं आधी उभे राहा. सुट्टीच्या दिवशी परतीच्या बोटीला गर्दी असते. सगळी माणसं मोजून घ्या, आमच्याकडे चुलतदिराला नेहमी दोनदा मोजतात. आणि घरी पोचल्यावर बूट व मोजे दारातच झटका. मोज्यांच्या विणीत अडकलेले खडे दिसत नाहीत. मी एकदा तसेच धुवायला टाकले होते, मशीन आठवडाभर खडखडत होती.